थंडी हवेची आणि थंडी पोलादाची

मुंबईत आजवर नोंदलेले सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेतली ही नोंद २२ जानेवारी १९६२ ची. पाणी गोठावे अशी थंडी या शहराला ठाऊकच नाही. तरीही मुंबई-रायगडच्या रासायनिक कारखान्यांसाठी जे पाइप आखले जातात, त्यांच्या कागदपत्रांत एका रकान्यात 'उणे २९', 'उणे ४६', क्वचित 'उणे १०१' असे आकडे भरलेले असतात. रकान्याचे नाव 'एमडीएमटी'. इंग्रजी शब्दसमूहाची ही आद्याक्षरे. मराठीत त्याला 'धातूचे किमान अभिकल्प-तापमान' म्हणता येईल. सोप्या शब्दांत सांगायचे तर, आत दाब असताना पाइपचा धातू जास्तीत जास्त किती गार होऊ द्यायचा, याची मर्यादा.

मी शिक्षणाने अभियंता नाही. ड्राफ्ट्समनचा अभ्यासक्रम करून पाइपांचे आराखडे काढत आलो आणि आराखड्यावर जे आकडे लिहावे लागत, त्यांचे मूळ शोधण्याची खोड पस्तिशीनंतर लागली. शब्दकोश शेजारी ठेवून संहिता वाचल्या, अपघातांचे अहवाल वाचले. या सगळ्या वाचनात सर्वांत जास्त वेळ ज्या एका रकान्याने खाल्ला तो हा. कारण तो हवामानावरून भरता येत नाही, कारखान्याच्या रोजच्या तापमानावरून भरता येत नाही, आणि शेजारच्या आराखड्यावरून उतरवून काढला तर कधीतरी माणसे मरतात. हा आकडा येतो कुठून आणि तो ठरवणे म्हणजे नेमके काय करणे, हे साहित्याच्या वाचकांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे. विषय तांत्रिक असला तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न तांत्रिक नाही.

चिवट आणि ठिसूळ

मराठीत या विषयासाठी लागणारे दोन शब्द आधीच तयार आहेत: चिवट आणि ठिसूळ. चिक्कीचा पाक गरम असताना ओढला तर लांबतो; तोच गार झाला की कडकन मोडतो. वस्तू तीच, गूळ तोच, फक्त तापमान बदलले. पोलादात घडते ते आतून वेगळे असले तरी बाहेरून दिसायला असेच असते.

साधे पोलाद खोलीच्या तापमानाला चिवट असते. त्याच्यावर झेपेल त्याहून जास्त ताण आला तर ते आधी वाकते, ताणले जाते, फुगते. म्हणजे तुटण्यापूर्वी सूचना देते. हे होते कारण धातूच्या स्फटिकांतले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. सगळा थर एकदम सरकत नाही. मोठी सतरंजी ओढून सरकवण्यापेक्षा तिच्यात एक सुरकुती पाडून ती सुरकुती पुढे ढकलत नेणे सोपे असते, तसेच अणूंच्या थरातली एक 'सुरकुती' धातूतून पुढे जाते. साध्या पोलादाच्या स्फटिकरचनेत थंडी वाढली की ही सुरकुती अडखळू लागते. थर सरकेनासे झाले की ताणाला दुसरी वाट उरते ती चिरण्याची. मग भेग पडते आणि ध्वनीच्या वेगाशी तुलना करावी अशा वेगाने धावते. वाकणे नाही, फुगणे नाही, सूचना नाही.

सगळे धातू असे वागत नाहीत. तांबे, ॲल्युमिनियम आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या जातीचे स्टेनलेस स्टील यांची स्फटिकरचना वेगळी असते. त्यांत सुरकुती कडाक्याच्या थंडीतही सरकते. म्हणून द्रवरूप नैसर्गिक वायू, जो उणे १६२ अंशांना असतो, स्टेनलेस स्टीलच्या पाइपांतून नेतात. दाभोळच्या टर्मिनलवर असा वायू जहाजांतून उतरतो. मग सगळीकडेच स्टेनलेस का वापरत नाहीत? कारण उघड आहे: किंमत. जिथे साधे पोलाद चालेल तिथे ते चालवायचे, पण ते नेमके कुठवर चालेल हे ठरवायचे. एमडीएमटी हा त्या काटकसरीचा आणि त्या काटकसरीच्या मर्यादेचा आकडा आहे.

आणखी एक गोष्ट सामान्य समजुतीच्या उलट आहे. आपल्याला वाटते, जाड म्हणजे मजबूत. थंडीच्या बाबतीत जाड पोलाद पातळ पोलादापेक्षा लवकर ठिसूळ होते. जाड पत्र्याच्या पोटातला धातू चहूबाजूंनी जखडलेला असतो, त्याला सरकायला जागा नसते. शिवाय कारखान्यात जाड पत्रा सावकाश थंड होतो, त्यामुळे त्याचे स्फटिककण मोठे राहतात, आणि मोठे कण भेगेला रस्ता देतात. त्यामुळे एकाच जातीच्या पोलादाला जाडीप्रमाणे वेगवेगळी मर्यादा असते.

बंदरात मोडलेले जहाज

हे ज्ञान प्रयोगशाळेतून आधी आले आणि मग वापरात आले, असे झालेले नाही. ते उलट्या वाटेने आले.

१६ जानेवारी १९४३ च्या रात्री अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलँड इथे 'स्केनेक्टडी' नावाचे नवेकोरे तेलवाहू जहाज धक्क्याला बांधलेले होते. समुद्रातली चाचणी नुकतीच झाली होती. वादळ नव्हते, शत्रूचा हल्ला नव्हता, पाणी शांत होते. हवा गोठणबिंदूच्या थोडी खाली होती. अचानक मोठा आवाज झाला आणि जहाज मधोमध तडकून जवळजवळ दोन तुकडे झाले. युद्धकाळात घाईने बांधलेल्या अनेक अमेरिकी जहाजांत अशा भेगा आढळल्या.

पहिला संशय वेल्डिंगवर गेला, कारण तोवरची जहाजे रिव्हेट मारून जोडलेली असत आणि ही वेल्डिंगची होती. केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी तपास करून दाखवले की मूळ दोष पोलादातच होता. विशिष्ट तापमानाच्या खाली गेले की हे पोलाद ठिसूळ होत होते, आणि उत्तर अटलांटिकचे पाणी त्याला त्या तापमानाच्या खाली नेत होते. वेल्डिंगचा वाटा असा, की रिव्हेटच्या जहाजात भेग एका पत्र्याच्या कडेला येऊन थांबे; वेल्डिंगने सगळे पत्रे एकसंध झाल्यावर तिला थांबायला जागाच उरली नाही.

यातून जे सूत्र हाती लागले ते आजही टिकून आहे. ठिसूळ भंगाला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: थंडी, ताण आणि एखादी खाच. खाच म्हणजे वेल्डिंगमधला बारीक दोष, ओरखडा, काटकोनी कोपरा, काहीही. खाच पूर्णपणे टाळता येत नाही. कुठल्याही वेल्डरला नाही. ताण तर दाबाबरोबर येणारच. म्हणून हातात राहते ती थंडी.

पोलाद किती थंडी सोसेल हे मोजण्याची रीत मात्र जहाजांच्या आधीची आहे. फ्रान्सच्या जॉर्ज शार्पी यांच्या नावाने ती ओळखली जाते. १० मिमी गुणिले १० मिमी जाडीचा, ५५ मिमी लांबीचा तुकडा घ्यायचा, मधोमध २ मिमी खोल खाच पाडायची, हव्या त्या तापमानाला गार करायचा आणि लंबकाच्या हातोड्याने एका फटक्यात तोडायचा. तोडताना लंबकाची किती ऊर्जा खर्च झाली ते पाहायचे. जहाजांच्या तपासात असे दिसले की ज्या पत्र्यांत भेगा सुरू झाल्या ते फार थोडी ऊर्जा खाऊन तुटत होते, आणि सुमारे २० ज्यूल ऊर्जा खाणारे पत्रे बरे वागत होते. एक किलोचे वजन दोन मीटरवरून पडते तेव्हा एवढी ऊर्जा असते. आज पाइपांच्या संहितांत साध्या पोलादासाठी मागितली जाणारी किमान ऊर्जा याच्याच आसपास आहे. त्या मोडलेल्या जहाजांचा हिशेब आपण अजून वापरतो आहोत.

मागणी आणि ऐपत

एमडीएमटीच्या बाबतीत बहुतेक गोंधळ एका कारणाने होतो: या एका नावाखाली दोन आकडे दडलेले असतात. एक, पाइप किती गार होऊ शकतो. दुसरा, पाइपचा धातू किती गारवा सोसू शकतो. पहिल्याला मी मागणी म्हणतो, दुसऱ्याला ऐपत. मागणी कारखान्याच्या प्रक्रियेतून येते, ऐपत धातूच्या जातीतून आणि जाडीतून. नियम एवढाच, की ऐपत मागणीइतकी किंवा तिच्याहून खाली गेलेली हवी.

ऐपत शोधणे तुलनेने सोपे आहे. प्रक्रिया-कारखान्यांच्या पाइपांसाठी जगभर वापरली जाणारी संहिता म्हणजे अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेची 'बी ३१.३'. तिच्यात पोलादाच्या जाती चार वक्ररेषांत वाटलेल्या आहेत. सर्वांत नेहमीच्या 'ए १०६ ग्रेड बी' या पाइपला भिंत पातळ असेल तर उणे २९ अंशांपर्यंत चाचणीशिवाय मुभा आहे. उणे २९ हा विचित्र वाटणारा आकडा म्हणजे फॅरनहाइटमधला सरळ उणे २०. भिंत २५ मिमी जाड झाली की त्याच वक्ररेषेवर मर्यादा शून्याच्या जवळपास येते. थंडीसाठी खास केलेले 'ए ३३३ ग्रेड ६' उणे ४६ पर्यंत जाते, साडेतीन टक्के निकेल घातलेले पोलाद उणे १०१ पर्यंत. उष्णतोपचारानेही फरक पडतो. पत्रा सुमारे ९०० अंशांना तापवून हवेत गार केला की कण बारीक होतात आणि तोच पत्रा बराच खालचा गारवा सोसतो.

संपूर्ण पाइपलाइनची ऐपत मात्र तिच्या सर्वांत दुबळ्या भागाइतकी. पाइप उणे ४६ चा, व्हॉल्व्ह उणे ४६ चा आणि मधला एक फ्लँज साध्या 'ए १०५' चा असेल, तर ती लाइन उणे २९ चीच. हे फ्लँज दिसायला जुळ्या भावांसारखे असतात. फरक कडेवर ठोकलेल्या दोन-तीन अक्षरांचा. एका कारखान्याच्या भांडारात मी दोन्ही प्रकार एकाच फळीवर, एकाच गंजाखाली पाहिलेले आहेत. दुरुस्तीच्या रात्री हाताला येईल तो फ्लँज बसवला जातो, आणि आराखड्यातला आकडा त्या क्षणी खोटा होतो.

मागणी शोधणे अवघड आहे. एक उदाहरण घेऊ. लग्नाच्या मांडवामागे आचारी मोठ्या शेगड्या एकदम पेटवतात तेव्हा गॅसच्या सिलिंडरवर खालून पांढरे हिम धरलेले पुष्कळांनी पाहिले असेल. मे महिन्याच्या उकाड्यातही ते धरते. आचारी मग सिलिंडर पाण्याच्या टबात उभा करतो. आतला द्रव झपाट्याने वायू होताना लागणारी उष्णता स्वतःतूनच आणि सिलिंडरच्या पोलादातून ओढून घेतो, म्हणून हे घडते. बाहेरच्या हवेचा याच्याशी संबंध नाही.

आता हाच प्रकार कारखान्यात पाहू. प्रोपेनची लाइन आहे. रोजचे तापमान ३० अंश, आतला दाब हवेच्या दाबाच्या दहा-अकरा पट. वर्षानुवर्षे ती तशीच चालेल. पण एखाद्या दिवशी सुरक्षा-व्हॉल्व्ह उघडून नीट बसला नाही, किंवा कोणी द्रव असतानाच लाइन रिकामी करायला काढली, तर दाब हवेइतका खाली येतो आणि प्रोपेन त्याच्या उत्कलनबिंदूला पोचते: उणे ४२. त्याच्याबरोबर पाइपही. म्हणजे मागणी उणे ४२ ची, आणि साध्या पाइपची ऐपत उणे २९. रकान्यात 'हवा १० अंश, कामाचे तापमान ३० अंश' एवढे पाहून आकडा भरला असता तर ही तफावत दिसलीच नसती. अमोनियासाठी हा आकडा उणे ३३, इथिलीनसाठी उणे १०४. पदार्थ बदलला की आकडा बदलतो. मुंबईची थंडी तीच राहते.

इथे एक बरोबर वाटणारा युक्तिवाद नेहमी पुढे येतो. पाइप उणे ४२ ला पोचला तेव्हा आत दाबच उरलेला नाही. मग ताण कुठला आणि भीती कसली? संहितासुद्धा ताण कमी असेल तर मर्यादेत सवलत देते. पण हा युक्तिवाद दोन ठिकाणी लंगडा पडतो. पहिले ठिकाण: गार झालेला पाइप आखडतो. १०० मीटर पोलादी पाइप ७० अंशांनी गार झाला तर सुमारे ८ सेंटिमीटर आखडतो. दोन्ही टोके जखडलेली असतील तर दाबाशिवायही ताण येतो. दुसरे ठिकाण जास्त धोक्याचे: कारखाना पुन्हा सुरू करायची घाई. पाइप अजून गार आहे आणि कोणी व्हॉल्व्ह उघडून दाब परत भरला, तर थंडी आणि ताण एकाच क्षणी भेटतात. तेव्हा सवलत घ्यायची असेल तर 'धातू गरम झाल्याशिवाय दाब भरू नये' ही सूचना कारखाना चालवणाऱ्याच्या हातात, त्याला कळेल अशा भाषेत असायला हवी. तसे नसेल तर ती सवलत नुसती कागदावरची.

लाँगफर्ड

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात लाँगफर्ड इथे एस्सो कंपनीचा वायुप्रक्रिया कारखाना आहे. २५ सप्टेंबर १९९८ च्या सकाळी तिथे गरम तेल फिरवणारे पंप बंद पडले. त्या तेलाने गरम राहणारा एक हीट एक्स्चेंजर काही तासांत गार होत गेला, कारण त्यात थंड द्रव येतच होता. नंतरच्या तपासानुसार त्याचे काही भाग उणे ४८ अंशांपर्यंत गेले. एरवी हात लावता येणार नाही इतक्या तापणाऱ्या त्या यंत्रावर बर्फ धरला. कामगारांनी तो पाहिला. बर्फ वितळवावा आणि काम पूर्ववत करावे म्हणून पंप पुन्हा सुरू केले गेले. सुमारे २३० अंशांचे तेल त्या गोठलेल्या पोलादात शिरले. दुपारी १२ वाजून २६ मिनिटांनी एक्स्चेंजर फुटला. वायूचा लोट पेटला. दोन जण मरण पावले, आठ जखमी झाले. आग विझायला दोन दिवस लागले आणि मेलबर्नसह राज्यातली घरे-कारखाने जवळपास दोन आठवडे गॅसविना राहिले.

कंपनीचे म्हणणे होते की कामगाराला प्रशिक्षण दिलेले होते आणि चूक त्याची. चौकशी आयोगाने ते मान्य केले नाही. गार झालेले पोलाद ठिसूळ होते आणि अशा वेळी त्यात गरम तेल सोडू नये, हे त्या माणसांना शिकवलेच गेले नव्हते, आणि कारखान्याच्या त्या भागात काय काय बिघडू शकते याचा पद्धतशीर अभ्यासही झालेला नव्हता, असा निष्कर्ष आयोगाने १९९९ मध्ये काढला. पुढे कंपनीला न्यायालयाने दोषी ठरवून २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

ज्या यंत्राचे रोजचे काम गरम राहण्याचे, ते कधी गोठेल ही शक्यता तिथे कोणी हिशेबात धरली नव्हती. आणि बर्फ समोर दिसला तेव्हा त्याचा अर्थ वाचायला कोणाला शिकवले नव्हते. पोलादाने या वेळी सूचना दिली होती, पण ती हिमाच्या भाषेत होती.

आपल्या हिवाळ्याचे काय

यावरून महाराष्ट्रातल्या हवेची काळजीच नको, असे कोणी समजू नये. दाबपात्रांच्या, म्हणजे टाक्या-बॉयलरसारख्या दाबाखालच्या भांड्यांच्या, अमेरिकी संहितेत १९८७ पूर्वी साध्या पोलादाला जाडी न पाहता सरसकट उणे २० फॅरनहाइटपर्यंत मुभा होती. त्या वर्षी नियम बदलला आणि जाडीप्रमाणे वक्ररेषा आल्या. या नव्या वक्ररेषांप्रमाणे सर्वांत साध्या गटातल्या २५ मिमी पोलादाची मर्यादा सुमारे २० अंश सेल्सिअस येते. अधिक २०, उणे नव्हे. पुण्या-नाशकातली डिसेंबरची बहुतेक प्रत्येक पहाट याच्या खाली असते. जुन्या कारखान्यांतली जाड भांडी अशा पहाटे पाण्याने भरून दाबाच्या चाचणीला लावायची असतील, तर आधी धातूचे तापमान मोजायला हवे. चाचणीच्या वेळी धातू एमडीएमटीच्या किमान १७ अंश वर असावा, अशी त्या संहितेची शिफारस आहे. सूर्य वर येईपर्यंत थांबणे हा यावरचा फुकटचा उपाय आहे. तो करायला फक्त कारण ठाऊक असावे लागते.

आकडा कोणाचा

इतक्या वर्षांच्या वाचनानंतर मला असे वाटते, की एमडीएमटी ठरवणे हे गणिताइतकेच कल्पनेचे काम आहे. तक्ता वाचता येणे ही त्यातली शेवटची आणि सोपी पायरी. त्याआधी एका माणसाने बसून विचारायला हवे: हा पाइप त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट दिवशी कसा असेल? पंप बंद पडला तर? व्हॉल्व्ह गळला तर? रात्रपाळीच्या माणसाने घाई केली तर? या प्रश्नांची उत्तरे संहितेत नसतात; ती कारखाना चालवणाऱ्या माणसांजवळ असतात, आणि त्यांना फार क्वचित विचारले जाते.

म्हणून हा रकाना भरणाऱ्याने आकड्याशेजारी एक वाक्य लिहावे, अशी माझी सूचना आहे: हा आकडा कोणत्या प्रसंगाचा आहे. 'उणे ४२, सुरक्षा-व्हॉल्व्ह उघडा राहिल्यास.' एवढे पुरे. वीस वर्षांनी तो पाइप बदलणाऱ्याला, फ्लँज शोधणाऱ्याला, पंप पुन्हा सुरू करणाऱ्याला मग नुसता आकडा नव्हे, त्यामागची भीतीही मिळेल. आणि ते वाक्य चालवणाऱ्याला समजेल अशा भाषेत, आपल्याकडे मराठीत, यंत्राशेजारच्या फलकावर लावावे. एरवी गरम असणाऱ्या पाइपवर बर्फ दिसला तर त्याला तापवू नये, त्यात दाब भरू नये, आधी वरिष्ठांना कळवावे. चिवट आणि ठिसूळ हे शब्द ज्याला समजतात, त्याला हेही समजेल.